नळीतून आभाळ दिसले पाहिजे

यंदाच्या दिवाळी अंकासाठी बंदूक साफ करण्याच्या विषयावर लिहितो आहे, असे घरात सांगितले तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, माणसे चकली-कडबोळी खाता खाता अंक चाळणार. त्यांना काही प्रेमाचे लिहा, प्रवासाचे लिहा. बंदुकीची नळी कशाला दाखवता?" सौभाग्यवतींचे म्हणणे मी सहसा मोडीत नाही. माझ्या कादंबऱ्यांतली बहुतेक लग्ने मी त्यांच्याच सल्ल्याने लावली आहेत. परंतु या एका बाबतीत मी हट्टाला पेटलो आहे. कारण ज्या घरात चकली तळली जाते, त्याच घरात बंदूकही असते. चकलीचा डबा फडताळात आणि बंदूक दाराआड, एवढाच काय तो फरक. आणि चकलीच्या तेलाची जेवढी काळजी आपण घेतो, त्याच्या शंभराव्या हिश्शानेही बंदुकीच्या तेलाची घेत नाही. हे मी आज ओरडून सांगणार आहे. ज्यांना ऐकायचे नसेल त्यांनी खुशाल पान उलटावे. पुढे चांगली गोष्ट असेल.

शहरातल्या वाचकांना वाटेल, बंदूक ही सिनेमात असते किंवा पोलिसांच्या खांद्यावर. आमच्या तळकोकणात तसे नाही. इथे शेतसंरक्षणाचा परवाना ही काही राजेरजवाड्यांची मिरास नव्हे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक बाळगणाऱ्या शेतकऱ्याचा स्पष्ट उल्लेख आहे. भात पिकायला लागले की डुकरांचा कळप एका रात्रीत सहा महिन्यांचे कष्ट लोळवून जातो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे जनावराला परवानगीवाचून हात लावता येत नाही आणि ते योग्यच आहे. बहुतेक बार निघतात ते नुसत्या आवाजासाठी. पण आवाजासाठी काढलेला बारसुद्धा बारच असतो. नळीला तो डुकरासाठी आहे की आभाळासाठी, हे कळत नाही.

आता या बंदुकीचे आम्ही करतो काय? वर्षातून एकदा, खंडेनवमीला, ती खाली काढतो. पाटावर ठेवतो. हळद वाहतो, कुंकू वाहतो, ओल्या झेंडूची माळ तिच्या गळ्यात घालतो, पाण्याचा हात फिरवतो, आरती करतो आणि दुसऱ्या दिवशी माळेसकट पुन्हा खुंटीवर टांगतो. चार दिवसांनी माळ काढली की लोखंडावर झेंडूच्या आकाराचे तांबूस डाग उमटलेले असतात. त्याला आमच्याकडे देवीचा प्रसाद म्हणणारेही मी पाहिले आहेत. प्रसाद कसला, तो गंज आहे!

मी पूजेच्या विरुद्ध नाही. माझ्या घरी आजही खंडेनवमी होते. पण ज्या पूर्वजांनी हा दिवस घातला, त्यांनी तो हत्यारे उजळण्यासाठी घातला. चार महिन्यांच्या पावसात पाते गंजले, मुठी सैल झाल्या, तेव्हा ती हत्यारे बाहेर काढा, घासा, पुसा, तेल लावा, आणि मग नमस्कार करा, असा तो क्रम. आम्ही घासणे-पुसणे सोडून दिले आणि नमस्कार तेवढा ठेवला. कष्टाचा भाग गेला, कुंकवाचा राहिला. सुताराच्या रंध्याला, शिंप्याच्या यंत्राला कुंकू लावून कोणी वर्षभर तेल घालायचे थांबत नाही, कारण त्यांचे पोट त्यावर आहे. बंदुकीवर तर जीव आहेत. आपलेही आणि दुसऱ्याचेही.

दुसरा एक वर्ग आहे, तो पूजकांहून भयंकर. हा वर्ग फुशारकी मारणाऱ्यांचा. "आमच्या आजोबांच्या वेळेपासून या नळीला चिंधी लागलेली नाही, तरी बार खणखणीत!" हे वाक्य मी चहाच्या दुकानात, एस. टी. च्या थांब्यावर, इतकेच काय आमच्या शाळेच्या शिक्षकांच्या खोलीतसुद्धा ऐकले आहे. पन्नास वर्षे दात न घासता माझे दात शाबूत आहेत, असे कोणी सांगितले तर आपण त्याच्यापासून दोन हात दूर बसतो. बंदुकीच्या बाबतीत मात्र त्याला मर्द म्हणतो!

या मर्दांसाठी मी अमेरिकेतली एक गोष्ट सांगतो. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकी सैन्याने आपल्या शिपायांच्या हाती एम-१६ नावाची नवी रायफल दिली. हिला साफसफाईची फारशी गरज नाही, असा समज पसरला, आणि पुष्कळ शिपायांना सफाईचे साहित्यच मिळाले नाही. काडतुसातली दारूही मध्यंतरी बदलली होती; तिची काजळी जास्त. दमट जंगलात त्या रायफली ऐन चकमकीत अडकू लागल्या. बंद पडलेल्या रायफलीशेजारी मरून पडलेले शिपाई सापडले. आरडाओरड इतकी झाली, की १९६७ साली अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीने चौकशी करून सैन्याच्या कारभारावर कडक ताशेरे ओढले. मग सफाईचे साहित्य आले, नळीला आतून क्रोमचा मुलामा आला, आणि १९६८ साली विल आयस्नर या नामांकित चित्रकाराकडून सफाईची एक चित्रमय पुस्तिका काढून शिपायांना वाटण्यात आली. जगातल्या सर्वांत श्रीमंत सैन्याला चिंधी आणि तेलाचा धडा चित्रे काढून शिकवावा लागला! मी स्वतः चित्रकलेचा मास्तर, शिक्षण जेमतेम मॅट्रिक. त्यामुळे या गोष्टीत मला आमच्या धंद्याचा थोडा गौरवही वाटतो. पण मुद्दा तो नव्हे. तिथल्या सरकारला पुस्तिका काढायला लाज वाटली नाही, मग आपल्या दिवाळी अंकाला एका लेखाची लाज का वाटावी?

आणखी एक वाक्य आहे, ते वर्तमानपत्रांत आपण नेहमी वाचतो: "बंदूक साफ करताना गोळी सुटली." वाचकहो, हे वाक्य जवळजवळ नेहमीच खोटे असते. बंदूक साफ केल्याने गोळी सुटत नाही. बंदूक उघडून न पाहिल्याने सुटते. आत काडतूस नाही हे डोळ्यांनी पाहिले, बोटाने चाचपले, काडतुसांचा डबा दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवला, की जगातला कोणताही बोळा गोळी उडवू शकत नाही. ठासणीच्या बंदुकीची गोष्ट थोडी निराळी. तिची नळी मागून उघडत नाही, तेव्हा आधी टोपी काढायची आणि मग गज नळीत सोडायचा. गज जिथे थांबेल तिथे तोंडाशी खूण करायची, गज बाहेर काढून नळीला बाहेरून लावायचा. खूण नळीच्या तोंडाशी ठेवली की गजाचे टोक कान्यापर्यंत पोहोचले पाहिजे. चार बोटे अलीकडे राहिले, तर आत बार भरलेला आहे असे समजायचे. आमच्याकडे कित्येक घरांत ठासणीची बंदूक सबंध हंगामभर भरून दाराआड ठेवतात. बार काढायचा कंटाळा, म्हणून तसाच. तो बार दमट हवा पितो, नळी आतून खातो, आणि घरातले पोर एके दिवशी घोड्याशी खेळते. पुढचे मी लिहीत नाही.

आता गंजाचे कारण सांगतो, कारण तेच कोणाला ठाऊक नसते. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. साधारण पंचाहत्तर, पंधरा आणि दहा असे शेकडा प्रमाण. ती जळाली म्हणजे सगळी धूर होऊन जाते, हा भ्रम आहे. निम्म्याहून अधिक वजन घन रूपात मागे राहते आणि त्यातले बरेचसे नळीला आतून चिकटते. त्यात जे क्षार असतात, ते हवेतला ओलावा मिठासारखे ओढून घेतात. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. इथे ओढायला ओलावा किती, हे मी सांगायला नको. बार काढल्यावर एक रात्र नळी तशीच ठेवली, की सकाळी आत तांबूस पाणी सुटलेले असते.

यावर आमच्या लोकांचा उपाय कोणता? तेल! वर खोबरेल चोपडायचे. अहो, मीठ तेलात विरघळते काय? लोणच्याच्या बरणीत वरून कितीही तेल ओता, खालचे मीठ मीठच राहते, हे घरातल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. हे क्षारही तसेच. ते तेलाखाली सुखाने बसतात आणि लोखंड खातात. त्यांना काढणारी वस्तू एकच, आणि ती म्हणजे पाणी. तेही कडकडीत गरम. "पाणी? बंदुकीला पाणी?" असे म्हणून आमचे वीर दचकतात. होय, पाणीच! गरम पाण्याने क्षार विरघळतात, आणि लोखंड तापल्यामुळे उरलेले पाणी लवकर सुकते. मग कोरड्या चिंध्या, एकापाठोपाठ एक, शेवटची चिंधी पांढरी निघेपर्यंत. आणि मग तेल.

खोबरेलही नको. ते पदार्थाला चांगले, केसांना उत्तम. पण पारा चोविसाच्या खाली गेला की थिजते, आणि जुने झाले की खवटते. घोड्याच्या कळांत चिकटा धरून बसते. शिवणयंत्राला घालतो ते पातळ खनिज तेल घ्यावे. तेही थेंबभर, फडक्यावर घेऊन. नळीत ओतून बंदूक उभी ठेवली, तर ते खाली उतरून दस्त्याच्या लाकडात मुरते आणि लाकूड नरम पडते. बार काढण्यापूर्वी नळीतले तेल कोरड्या चिंधीने पुसून घ्यावे, हेही विसरू नये. काडतुसाच्या बंदुकीत काळी दारू नसते, म्हणून पाण्याचा खटाटोप सहसा नको. पण शिशाचे लेप असतात, हल्लीच्या काडतुसांतल्या प्लॅस्टिकचे पापुद्रे असतात. तिला पितळी तारांचा कुंचा, चिंधी आणि तेल. जिथून काडतूस घालतो त्या बाजूने गज घालावा, तोंडाच्या बाजूने नव्हे; तोंड झिजू नये आणि घाण कळांत लोटली जाऊ नये. आणि चामड्याच्या म्यानात बंदूक कायमची ठेवू नये. म्यान दिसते ऐटदार, पण चामडे ओल धरते.

बायकांनो, हे सारे पुरुषांचे काम म्हणून तुम्ही बाजूला बसू नका. सफाईच्या काळ्या चिंध्यांत शिसे असते. ते स्वयंपाकघरात, जेवणाच्या पाटाशेजारी, रांगत्या मुलाच्या हाताशी येता कामा नये. पडवीत जुने वर्तमानपत्र पसरून काम करायला लावा, चिंध्या गुंडाळून टाकायला लावा, आणि साबणाने हात धुतल्याशिवाय यजमानांना चकलीच्या डब्याला हात लावू देऊ नका. बंदूक कुलपात, काडतुसे दुसऱ्या कुलपात, आणि दोन्ही किल्ल्या मुलांच्या नजरेआड. एवढे तुम्ही धरून बसलात, तर सरकारी परिपत्रकाने जे होणार नाही ते होईल.

सरकारचे नाव निघाले म्हणून सांगतो. परवान्याचे नूतनीकरण २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाच वर्षांनी होते. मी ज्या वेळी गेलो, त्या वेळी परवान्यावरचा नंबर आणि नळीवरचा नंबर जुळतो की नाही, एवढे काटेकोर पाहिले गेले. नळीत कोणी डोकावले नाही. निवडणुकीच्या वेळी बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. एकदा माझी दोन महिन्यांनी परत मिळाली, ती भिंतीच्या ओलीला टेकून राहिल्याने एका बाजूने पार तांबडी झाली होती. मी तक्रार केली, तेव्हा "मास्तर, चालते ना?" असे उत्तर मिळाले. मला राग आला. पण घरी येताना विचार केला, की या शिपायावर मी कोणत्या तोंडाने रागावू? "चालते ना?" हेच तर आम्ही सगळे पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो आहोत.

आणि आता, ज्यासाठी हा सारा लेख लिहायला बसलो, ते सांगतो. हे मी आजवर कोठे लिहिलेले नाही.

१९९२ सालची खंडेनवमी. मी बारा वर्षांचा. आमच्या घरी तेव्हा काडतुसाची एकनळी बंदूक होती, परवाना काकांच्या नावावर. नळी पुसायचे काम माझ्याकडे, आणि मला त्याचा कोण अभिमान! गज हरवला होता, म्हणून बांबूच्या काठीला जुन्या धोतराचा बोळा बांधून तो नळीत घातला. काठी बाहेर ओढली, ती नुसतीच आली. बोळा आत राहिला. मी दुसऱ्या बाजूने ढोसले, तर तो आणखीच घट्ट बसला. आतून काकीची हाक आली, "आरती पेटवली, बंदूक आण रे!" सणाच्या दिवशी बोलणी खायची मला भीती वाटली. मी बंदूक मिटली आणि पाटावर नेऊन ठेवली. हळद झाली, कुंकू झाले, माळ झाली. मी सर्वांपेक्षा मोठ्याने आरती म्हटली.

दहा-बारा दिवसांनी रात्री भातात डुकरे आली. काका उठले, अंधारात काडतूस घातले, बांधावर गेले आणि आभाळाकडे बार काढला. बोळा अडकला होता त्या ठिकाणी नळी फुटली, आणि नेमका तिथे खाली काकांचा डावा हात होता. अंगठा आणि दोन बोटे गेली. ती दिवाळी आम्ही इस्पितळाच्या व्हरांड्यात काढली. गावातून कोणी तरी फराळाचा डबा पाठवला होता. तो कोणी उघडला नाही. येणारे-जाणारे म्हणत, "नळी जुनी होती." कोणी म्हणे, "पूजेत काही तरी चुकले असेल." पूजेत काय चुकले होते, ते त्या व्हरांड्यात एकट्या मला ठाऊक होते, आणि मी बोललो नाही.

सात वर्षे मी ते पोटात ठेवले. नोकरीसाठी गाव सोडायच्या आदल्या दिवशी काकांच्या पायाशी बसून सांगून टाकले. काका बराच वेळ गप्प होते. मग एवढेच म्हणाले, "माका ठावक होता. बोळो तुजो, पण बंदूक माजी. माका बघूक व्हया होता."

वाचकहो, माझा सबंध लेख काकांच्या या एका वाक्यात आहे. ज्याची बंदूक, त्याची नजर. पोराने पुसली, गड्याने पुसली, ठाण्यातून आली, पूजेतून आली; बार काढणाऱ्याने ती स्वतः उघडून पाहिलीच पाहिजे. पुढे घरात दुसरी बंदूक आली. दर खंडेनवमीला काका उरलेल्या दोन बोटांनी ती उघडून माझ्या हाती देत आणि म्हणत, "झिला, आधी नळयेतसून आभाळ बघ." आभाळ वाटोळे, स्वच्छ, कडेपासून कडेपर्यंत दिसले, की मग पाट मांडायचा.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कोणाला जमतो? ज्याला जमत नसेल, त्याने ती बंदूक रीतसर परत करावी, परवाना रद्द करून घ्यावा आणि डुकरांसाठी पत्र्याचा डबा वाजवावा. त्यात कमीपणा काही नाही. डबा वाजवणारा शेतकरी मला गंजलेली नळी मिरवणाऱ्या वीरापेक्षा शतपट शहाणा वाटतो. पण ठेवायची असेल, तर तिचे करा. नरकचतुर्दशीला आपण आधी अंगाला तेल लावतो आणि मग कढत पाण्याने न्हातो. ठासणीच्या बंदुकीचे अभ्यंगस्नान उलटे आहे: आधी कढत पाणी, मग तेल. एवढा क्रम लक्षात ठेवला तरी पुष्कळ झाले. आणि ते वर्षातून एकदा नव्हे. बार काढाल त्या दिवशीच, आणि पावसाळ्यात बार काढला नाही तरी महिन्याकाठी एकदा.

माझ्या घरी यंदाही खंडेनवमी झाली. माझा मुलगा आता बारा वर्षांचा आहे. बंदूक मी उघडली, काडतूस नाही हे त्याला दाखवले, आणि नळी खिडकीकडे धरून त्याला पाहायला सांगितले. "काय दिसते?" मी विचारले. "आभाळ," तो म्हणाला. मग मी स्वतः पाहिले. नंतर आम्ही आरती केली.